आईचा कडक सोमवार

एका रविवारी माझ्या धाकट्या भावाने माझ्यासमोर आ वासला आणि जीभ वर केली. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. मी फक्त पाण्याचा पेला हातात घेऊन सहज उभी होते, आणि तो गोळी खरंच गिळतो का हे कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने बघत होते.

"ताय, नीट बघ. गालात पण बघ," तो म्हणाला. "नाय तर मुरबाडला जाशील नि झोपायची नाय."

"मी पाणी द्यायला आले होते."

"पेला रिकामा हाय."

पेला खरंच रिकामा होता.

मी मुरबाडला शाळेत शिकवते. शाळेत जंताच्या गोळ्यांचा दिवस येतो तेव्हा अख्खी पाचवी माझ्यासमोर तोंड उघडून रांगेत उभी राहते. तेवढ्या अनुभवावर मी स्वतःला या विषयातली जाणकार समजत होते. त्या पावसाळ्यात मी दर रविवारी माहेरी जायचे, ते खरं म्हणजे हेरगिरीला. सगळ्यांना सांगायचे, आईला बघायला जाते. आईला बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. ती ओट्यावर लसूण सोलत बसून मलाच बघत असायची.

माझं माहेर शहापूरजवळ, सापगावच्या अलीकडे. घराला लागूनच पिठाची गिरण आहे. वडिलांनी आणि काकांनी मिळून ती घातली. वडील गेल्यापासून धाकटा ती चालवतो. तांदूळ, नाचणी, गहू, पावसाळ्याआधी मेतकुटाच्या डाळी, आणि गणपतीच्या तोंडावर मोदकांची पिठी. ही पिठी हेच आमच्या गिरणीचं नाव. धुऊन सावलीत सुकवलेला तांदूळ धाकटा असा दळतो की पीठ बोटांत धरलं तर बोटांना ते कळत नाही. त्यासाठी दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून धार द्यायची, ते कामही तो स्वतः करतो. गोळ्यांमुळे त्याचे हात थोडे थरथरतात. चहाचा कप धरताना थरथरतात, छिन्नी धरताना नाही. असं का, हे मी त्याच्या डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या होत्या, "कप त्याला आवडत नसेल."

धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना सुरू झालं. आधी त्याने पुस्तकं मिटली, मग जेवताना मागे वळून बघायला लागला, मग एक दिवस म्हणाला, विहिरीवरच्या बायका माझ्याबद्दल बोलतात. आमच्या गावात विहिरीवरच्या बायका कोणाबद्दल तरी बोलतच असतात, म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही. पण विहिरीवर चिटपाखरू नसतानाही त्याला ते बोलणं ऐकू यायचं. त्यांच्यातली एक सारखी म्हणायची, याला पाण्यातून काहीतरी द्या. मग त्याने घरचं पाणी पिणं सोडलं. आत्याच्या मते हे बाहेरचं होतं, काकांच्या मते जास्त अभ्यासाचं. भगताने अंगारा दिला, उतारा टाकायला लावला, आणि वर सांगितलं की दुखणं अवघड आहे, शहापूरलाही दाखवून घ्या. त्या भगताला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते.

स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात मी आणला आणि अर्थ चुकीचा आणला. कुठेतरी अर्धवट वाचलं होतं, म्हणून सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले की याच्यात दोन माणसं असतात. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दोघांना घेऊन ये. कोंबडी केली हाय." पुढे डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून समजावलं. माणूस एकच असतो. आपला मेंदू दिवसभर हजार गोष्टी ऐकतो आणि त्यातल्या बहुतेक सोडून देतो, याचा सोडत नाही. कुत्रं भुंकलं, कोणी खाकरलं, एसटीने हॉर्न दिला, सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं त्याला वाटतं. जे नाही तेही ऐकू येतं, आणि ते तुमच्या-माझ्या बोलण्याइतकं खरं वाटतं. म्हणून "असं काही नसतं रे" म्हणून उपयोग नसतो.

हे धाकट्याने माझ्यापेक्षा लवकर समजून घेतलं. गिरणीत वरच्या पत्र्याच्या टोपलीतून दाणे दगडांत पडतात. तिथे एक सरकती पट्टी असते, तिने दाण्यांची धार कमी-जास्त करता येते. तो मला म्हणाला होता, "माझी पट्टी ढिली हाय, ताय. सगळे दाणे एकदम पडतात. गोळी पट्टी सरकवते. बंद नाय करत. बंद केली तर गिरण काय कामाची?"

योग्य पट्टी सापडायला मात्र वेळ लागला. पहिल्या गोळीने तो लाकडी बाहुल्यासारखा चालायला लागला. दुसरीने इतका झोपायचा की आई त्याच्या नाकापुढे हात धरून बघायची. तिसरी लागू पडली. तिने वजन वाढलं, तोंड कोरडं पडतं, सकाळी उठायला उशीर होतो. पण घरचं पाणी तो प्यायला लागला. आवाज गेले का, असं मी एकदा विचारलं.

"गेले नाय. पल्याडच्या आळीत राहायला गेले. काहीबाही बोलतात, पण मला शब्द कळत नाय. गिरण चालू असली का तेवढं पण नाय. त्यांना वरडाय लागतं ना, दमतात बिचारे."

अशी कितीतरी वर्षं गेली. चांगली गेली. मी तर विसरूनही जायचे. आणि या उन्हाळ्यानंतर काहीतरी बिघडायला लागलं.

आधी आईने फोनवर सांगितलं की तो मधेच गिरण बंद करतो आणि कान देऊन ऐकत बसतो. मग मागल्या आळीतल्या मावशीचा प्रकार झाला. ती दळण न्यायला आली आणि म्हणाली, पीठ जरा जाडसर आलंय रे. एवढंच. धाकट्याने तिला विचारलं, "हे बोलायला तुला कोणी पाठवलं?" मावशीला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून डबा तिथेच ठेवून घरी गेली.

मावशीने कोणाला काही सांगितलं नाही, पण काकांनी ते ओट्यावरून बघितलं होतं. काका वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गिरणीला पट्टा आहे, मोटर आहे. याचं ध्यान दुसरीकडे असताना हात गेला तर काय करायचं? सापगावचा एक जण गिरण भाड्याने मागत होताच. काका आईला म्हणाले, "वयनी, गणपतीपर्यंत बघू. लोकांची पिठी नीट गेली तर ठीक. नाय तर त्या माणसाला चावी देऊन टाकू. पोराचा हात जाण्यापरीस गिरण गेलेली बरी."

आई मला फोनवर म्हणाली, "गिरण गेली तर ह्यो दिवसभर ऐकत बसेल. दुसरं काय करील, तूच सांग."

म्हणून माझी हेरगिरी सुरू झाली. शनिवारी शाळा सुटल्यावर घरचं आवरून संध्याकाळच्या गाडीने निघायचं, पोचेपर्यंत माहेरी जेवणं आटपलेली असायची. रविवार सगळा तपासात घालवायचा आणि सोमवारी पहाटे परत. पहिल्याच रविवारी मला मोठा पुरावा मिळाला. कपाटाच्या खणात गोळ्यांची पाकिटं शिल्लक होती, संपायला हवी होती तरी. म्हणजे गोळ्या चुकत होत्या. मी धाकट्याला विचारलं, "गोळी रोज घेतोस ना रे?"

"घेतो की. जेवल्यावर."

आणि रात्री माझ्यासमोर जेवला आणि माझ्यासमोर गोळी घेतली. जीभ वर केली तो हाच रविवार.

पुढच्या रविवारी मी केरसुणीने गिरण झाडली, का तर पिठाच्या ढिगात गोळ्या सापडतात का बघायला. आईला सांगितलं, जाळी-जळमटं फार झालीत. त्यानंतरच्या रविवारी मी दुकानदारावर संशय घेतला, गोळ्याच खोट्या असतील तर? मग नव्या मोबाइल टॉवरवर घेतला. धाकटा कोणाशी फोनवर बोलतो हे भिंतीला कान लावून ऐकलं. तो विजेच्या ऑफिसात लाइट कधी येणार विचारत होता. मुरबाडला परत येऊन मी हे सगळं आमच्या घरी सांगितलं. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "आता दुकानदार, टॉवर आणि वीज मंडळ. तू पण डॉक्टरबाईंकडे एकदा नंबर लावून ये."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. धाकट्याला वाटत होतं की सगळे त्याच्यावर नजर ठेवून आहेत, आणि त्या पावसाळ्यात एक बाई खरंच त्याच्यावर नजर ठेवून होती. त्याच्या आजाराला मी फुकट मदत करत होते.

श्रावणातल्या सोमवारी आमची शाळा अर्धी असते. एका आठवड्यात माझा रविवार चुकला, म्हणून सोमवारी मी दुपारीच निघाले आणि दिवेलागणीला माहेरी पोचले. मला स्वतःलाही उपास होता. श्रावणी सोमवार मी धरते, संध्याकाळी वरणभात करून सोडते, चारचौघींसारखा. पण आमच्या आईचा सोमवार चारचौघींसारखा नसतो. धाकटा आजारी पडला तेव्हा तिने नवस बोलला होता. सोमवार आणि शनिवार, बारा महिने, आणि दोन्ही कडक. रात्री फक्त फराळ, सोडायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून. शिवाय संकष्टी, शिवाय एकादशी. ती गोळ्यांना नावं ठेवत नसे, पण तिच्या मते पोरगा माणसात आला त्यात गोळ्यांचा वाटा अर्धा आणि सोमवार-शनिवारचा अर्धा.

माझ्या आणि धाकट्याच्या ताटात वरणभाताऐवजी साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर आणि रताळ्याचा कीस होता. आई स्वतःच्या ताटात भाकरी घेऊन बसली.

"तू भाकरी खातेस?" मी विचारलं.

"मला साखर निघाली ना उन्हाळ्यात. डाक्टर बोल्ला, उपास बंद." मग धाकट्याकडे हनुवटीने दाखवून, "माझे उपास ह्यो धरतो. मी नको बोल्ली होती."

"नवस मोडला तर आईला लागेल," धाकटा खिचडी खाताखाता म्हणाला. "माझ्यापायीच बोललेला ना. मग मीच केला तर काय झालं? देवाला उपाशी माणूस पायजे, कोणचा ते लिवून नव्हतं दिलं."

मला त्याचं फार कौतुक वाटलं. एवढं वाटलं की डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच राहिली नाही. फराळ झाला, मी हात धुतले आणि पर्समधून माझी बीपीची गोळी काढली.

"अगो, गोळी काय घेतेस?" आई म्हणाली. "अजून जेवलीस कुठं?"

"फराळ झाला ना."

"फराळ म्हंजे जेवण काय? तुझी गोळी जेवल्यावरची ना? रिकाम्या पोटी आग पडते. उद्या घे जेवल्यावर."

आणि मी, पाचवीला जंताच्या गोळ्या देणारी बाई, मुकाट्याने गोळी परत पाकिटात सरकवली. माहेरी आईने सांगितलं की हात आपोआप ऐकतो.

"माझी पण उद्याच," धाकटा म्हणाला. ताट उचलून मोरीकडे गेला.

पाकीट माझ्या हातात तसंच राहिलं. मी आईकडे बघितलं. आई भाकरी मोडत होती. सोमवार. शनिवार. संकष्टी. एकादशी. रविवारी मी यायचे, त्या एकाच दिवशी मी तपासणी करायचे, आणि रविवारी तो पोटभर जेवायचा आणि गोळी घ्यायचा. मी शनिवारी पोचायचे तेव्हा फराळाची भांडीसुद्धा घासून पालथी असायची.

"ए," मी मोरीकडे बघून हाक मारली. "उपासाच्या दिवशी तू गोळी घेतच नाहीस?"

"डाक्टरबाय काय बोल्ल्या? रात्री जेवल्यावर." तो हात पुसत आला. "जेवलोच नाय तर कशी घेऊ? मी तुला दर रविवारी सांगतो, जेवल्यावर घेतो म्हणून."

तो खोटं एक अक्षर बोलला नव्हता. आई खोटं बोलली नव्हती. खिचडी, रताळी, वर वाटीभर दही आणि शेंगदाण्याचा लाडू, हे खाऊन आमच्या घरात माणूस उपाशी असतो. यात कोणाला काही खटकत नव्हतं, मलाही खटकलं नव्हतं. नवस त्याच्या बरं होण्याचा, आणि तो पाळण्यापायी त्याची गोळी चुकत होती.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "रताळंसुद्धा?" एवढं विचारलं. मग म्हणाल्या, "पोट भरलेलं आहे ना? मग आत्ता लगेच घेऊ दे. आणि चुकलेल्या भरून काढायला दोन-दोन घ्यायच्या नाहीत, रोजची एकच. तुमचीही घ्या." आम्ही दोघांनी शेजारी बसून आपापल्या गोळ्या घेतल्या. गिळून झाल्यावर धाकटा माझ्याकडे वळून म्हणाला, "ताय, जीभ वर."

डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा शहापूरला येतात. त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आत गेल्यावर आई खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "माझ्या उपासानं पोराचं वाटोळं झालं बाय."

"वाटोळं काही झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि चूक माझीही आहे. मी जेवल्यावर म्हटलं, उपासाचं विचारायला पाहिजे होतं. इथे इतकी वर्षं बसते मी." मग त्यांनी धाकट्याकडेच बघून सांगितलं. ही गोळी त्या त्या दिवसापुरती नसते. ती रोज थोडी थोडी रक्तात टिकवायची असते, तेव्हा काम करते. आठवड्यात दोन-तीन चुकल्या की विरळ होत जाते. लगेच कळत नाही, महिन्यांनी कळतं.

"म्हंजे पट्टी सरकली," धाकटा म्हणाला.

"सरकली. परत जागेवर येईल, थोडे आठवडे जातील." त्यांनी आणखी एक उपाय सांगितला, महिन्याचं इंजेक्शन. एकदा घेतलं की रोजच्या गोळीची आठवण ठेवायला नको.

धाकट्याने विचार केला. "इंजेक्शन उपासाला चालतं ना?"

"एकादशीलासुद्धा चालतं."

"मग ते ठेवा बाजूला. आधी गोळी नीट घेऊन बघतो. आवाजांचं काय ते मी तुमाला खरं सांगीन."

त्याचं वजन केलं, साखर तपासायला रक्त घेतलं, कारण या गोळ्यांनीही साखर वाढू शकते आणि आईचा वारसा होताच. साबुदाणा जरा कमी करा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा आईने मान डोलावली, पण ती मान मी लहानपणापासून ओळखते. शेवटी धाकट्याने विचारलं, "गिरण?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी परत बघेपर्यंत मोटरजवळ जायचं नाही. बाहेर बसा, लोकांशी बोला, वजन करा. पट्ट्याजवळ नाही."

परतताना रिक्षात तो बाहेर बघत बसला. गणपती तीन आठवड्यांवर होते. काकांची मुदतही तीच. "मी चालवते," असं मी म्हटलं. दोघं माझ्याकडे वळली. रिक्षावाल्यानेसुद्धा आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी खरंच चालवली. शाळेत सकाळची पाळी मागून घेतली, दुपारी मुरबाडहून निघायचे, संध्याकाळी गिरण. वाटलं होतं, बटण दाबायचं, वरून दाणे ओतायचे, खाली डबा धरायचा. पहिल्या दिवशी पिठाची कापडी पिशवी नीट न बांधल्यामुळे मी नखशिखांत पांढरी झाले आणि समोरच्या घरातल्या म्हातारबांनी मला हात जोडले. धाकटा बाहेर बाकावर बसून सूचना द्यायचा.

"धार कमी कर, दगड तापतोय."

"तुला काय माहीत?"

"वास येतोय." मग थोड्या वेळाने, "आता लई कमी केलीस. नुसती फिरतेय."

हे त्याला ऐकू येत होतं, आणि हे ऐकू येणं खरं होतं. पहिल्या दिवसांत तो मधेच मान वळवायचा, रस्त्याकडे बघायचा. मी गिरण बंद केली की विचारायचा, "कोण काय बोल्लं काय आता?" मी म्हणायचे, "मी तरी नाही ऐकलं." तो म्हणायचा, "मग नसेल." एवढंच. हे उत्तर डॉक्टरबाईंनी मला शिकवलं होतं. नाहीच म्हणून वाद घालायचा नाही, हो पण म्हणायचं नाही. माझ्यासारख्या, फळ्यावर बरोबर-चूक लिहिणाऱ्या बाईला ते फार जड गेलं.

हळूहळू त्याचं मान वळवणं कमी झालं. मागल्या आळीतली मावशी पहिल्यांदा आली तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनेच डबा पुढे करून उभी राहिली. धाकटा उठला, जाऊन डबा घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गोळ्या चुकल्या होत्या."

मावशी म्हणाली, "मग नको रे चुकवू. माझ्या धन्याला बीपीची चुकली का तो पण भांडतो. आणि पीठ मात्र खरंच जाडं होतं हो."

"होतं. टाकी लावाय झालेली."

ती अलीकडे येऊन बाकावर बसली.

मग पिठीचे दिवस आले. पिठी दळायच्या आधी दगडांतून मूठभर साधा तांदूळ फिरवून घ्यायचा, आधीचं पीठ निघून जाण्यासाठी, हे धाकट्याने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी चिडून म्हटलं होतं, "मी काय पाचवीत आहे?" आणि त्या संध्याकाळी, गर्दीत, एका घराची नाचणी दळल्यावर मी थेट पुढचा डबा ओतला. तो डबा काकांचा होता.

काकूने नेहमीप्रमाणे गणपतीआधी दोन-चार मोदक करून बघितले. दुसऱ्या दिवशी काका ताटली घेऊन गिरणीवर आले. मोदक विटकरी रंगाचे होते. काकांनी ताटली बाकावर ठेवली. धाकट्याने एक उचलून बघितला.

"नाचणी," तो म्हणाला. "तायनं दगड झाडला नाय."

"गणपतीपर्यंत बघू बोललो होतो," काका म्हणाले.

"काका, ही माझी चूक आहे," मी म्हटलं. "यात त्याचा—"

"मला दिसतंय कोणाची चूक हाय ती," काका म्हणाले. "पण गिरण कोणीतरी चालवाय पायजे ना."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंचा वार होता. धाकटा सकाळी आंघोळ करून पहिला तयार. त्याने त्यांना सगळं खरं सांगितलं. आवाज पल्याडच्या आळीत गेलेत, अजून पार टोकाला नाही गेले. झोप येते. मान वळते कधी कधी, पण वळली की त्याला स्वतःला कळते. डॉक्टरबाईंनी बराच वेळ त्याच्याशी बोलून घेतलं, हात पुढे करायला लावले, मला आणि आईला वेगवेगळं विचारलं. मग म्हणाल्या, "चालवा. पण महिनाभर एकट्याने नाही, शेजारी माणूस पाहिजे. झोप आली की बंद. आणि मान वळली की हात मागे."

"ताय बसेल शेजारी," तो म्हणाला. "तिला तेवढं जमतं."

आईने आमचाच तांदूळ धुऊन पंख्याखाली चादरीवर सुकवून ठेवला होता. त्या संध्याकाळी धाकट्याने गिरणीत आधी सगळं झाडून काढलं, दगडांवरून हात फिरवला, मूठभर तांदूळ फिरवून घेतला, ते पीठ बाजूला काढलं, पुन्हा मूठभर फिरवला. मी शेजारी स्टुलावर बसले होते. मोटर सुरू झाली तसा त्याचा चेहरा मोकळा झाला, दुरून चालत आल्यावर चपला काढल्या की पाय होतात तसा. पिठी काकांच्या घरी मी स्वतः नेऊन दिली. काकू डब्यात बोटं घालून नुसती हसली.

गणपतीच्या दिवशी दुपारी काकांनी आमच्याकडे मोदक पाठवले, पांढरेशुभ्र. मागोमाग स्वतः आले आणि आईला म्हणाले, "वयनी, त्या सापगाववाल्याला सांगून टाकलं. गिरण रिकामी नाय म्हणून." मग माझ्याकडे बघितलं. "सुट्टी संपून तुझी शाळा कधी सुरू होतेय गो?"

आईचे सोमवार-शनिवार धाकटा अजून करतो, कडकच. फक्त फराळाच्या ताटात आई आता मिठाच्या जागी आधी गोळी वाढते, आणि ती घेतल्याशिवाय पुढचं काही वाढत नाही. देवाला ती काय बोलली मला माहीत नाही. विचारलं तर म्हणते, "आमचं ठरलंय." साबुदाणा मात्र कमी झालेला नाही. त्यावर डॉक्टरबाई आणि आई यांची बोलणी चालू आहेत.

मी आता महिन्यातून एकदाच जाते, आणि खरोखर आईला बघायला. गेल्या खेपेला गिरणीत धाकटा पट्टा तपासत होता आणि मी दारात स्टुलावर बसून पालक निवडत होते. मागल्या आळीतली मावशी डोक्यावर डबा घेऊन आली. रस्त्याच्या कडेलाच थांबली आणि मला बघून डबा काही खाली उतरवेना.

"गिरणीवर कोण हाय आज?" तिने विचारलं. "तू काय?"

"नाय, मी हाय," धाकटा आतून म्हणाला.

"मग ठीक," असं म्हणून मावशीने डबा उतरवला.